विंडोज ११ वर जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर: एन्ट्र्या गायब होतात, तारखा उलटतात, काटा बंद पडतो

“भाऊ, काल तं व्हता डाटा, आज कथा गया?”

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नेमकं दिवाळीच्या तोंडावर, कापसाची आवक सुरू होताना. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत दुकानांचे कॉम्प्युटर बदलायची घाई झाली आणि त्या घाईतून हा ‘डेटा कुठे गेला?’ प्रश्न सगळीकडे उगवला. आडत दुकानाचा दिवाणजी विचारतो, जिनिंगचा मॅनेजर विचारतो, पतसंस्थेतल्या ताई विचारतात. बहुतेकांकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वी गावातल्याच कुणी बनवून दिलेलं सॉफ्टवेअर आहे. हमाली, तोलाई, आडत, कट्टीचा हिशेब त्यात बरोबर बसवलेला आहे. बनवणारा आता पुण्याला नोकरीला, नाहीतर त्याचा फोनच बदललेला.

अशा वेळी सरसकट उत्तर मिळतं की सॉफ्टवेअर जुनं झालं, टाकून द्या. मला ते पटत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर अख्ख्या दुकानाचा हात बसलाय, ते टाकण्याआधी नेमकं काय बिघडलंय हे पाहायला हवं. बिघाड दोन तऱ्हेचे असतात. सॉफ्टवेअर उघडतच नाही, हा सोपा. निदान त्याच दिवशी कळतो. दुसरा असा की सॉफ्टवेअर उघडतं, बिल निघतं, सगळं ठीक दिसतं, पण डेटा भलत्याच जागी किंवा भलत्याच तारखेला जाऊन बसतो. हा मार्च एण्डला कळतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या दुसऱ्या जातीच्या आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

कालची एन्ट्री आज नाही, उद्या परत आहे

लक्षणं अशी. सकाळी सॉफ्टवेअर उघडलं तर दोन महिन्यांपूर्वीचा डेटा दिसतो. दुसऱ्या शॉर्टकटने उघडलं तर कालचा दिसतो. शेठच्या लॉगिनमध्ये एक शिल्लक, दिवाणजीच्या लॉगिनमध्ये वेगळी. पेन ड्राइव्हवरचा बॅकअप परत टाकला तरी स्क्रीनवर आधीचेच आकडे. लोकांना व्हायरस वाटतो. व्हायरस नाही.

विंडोज एक्सपीच्या काळात जवळजवळ प्रत्येक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करायचा. त्यामुळे सॉफ्टवेअर बनवणारे डेटाची फाइल, मग ती डीबीएफ असो की एमडीबी, सरळ प्रोग्राम फाइल्समध्ये सॉफ्टवेअरच्या शेजारीच ठेवायचे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि मायक्रोसॉफ्टने प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या परवानगीने लिहायला बंदी केली. मग जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून एक सोय ठेवली. ३२ बिटचं जुनं सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेलं की विंडोज त्याला अडवत नाही. गुपचूप त्या फाइलची प्रत त्या युजरच्या खासगी फोल्डरमध्ये बनवतं आणि तिथे लिहू देतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण मूळ जागीच लिहिलं. या फोल्डरचं नाव व्हर्च्युअलस्टोअर.

रस्ता असा: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या लॉगिनचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स ही खूण करावी लागते. आत प्रोग्राम फाइल्स एक्स८६ नावाचं फोल्डर दिसलं आणि त्यात तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव सापडलं, तर दुखणं सापडलं.

आता वरची सगळी लक्षणं जुळतात. शॉर्टकटवर ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण असली की ही सोय लागू होत नाही, सॉफ्टवेअर खऱ्या प्रोग्राम फाइल्समधली फाइल उघडतं. खूण नसली की खासगी प्रत उघडते. म्हणजे डेटा दोन झाले. प्रत्येक लॉगिनची खासगी प्रत वेगळी, म्हणून शेठचे आणि दिवाणजीचे आकडे वेगळे. आणि वाचताना विंडोज खासगी प्रतीला पहिला मान देतं, त्यामुळे प्रोग्राम फाइल्समध्ये बॅकअप कितीही वेळा टाका, सॉफ्टवेअर तो बघतच नाही.

मग हे आताच का उपटलं? जुन्या विंडोज ७ वर बहुतेक दुकानांत ‘युजर अकाउंट कंट्रोल’ची पट्टी खाली ओढून बंद केलेली असायची, कारण सारखं परवानगी विचारायचं. ती बंद म्हणजे ही सोयही बंद. सगळं खऱ्या जागी लिहिलं जायचं. नव्या मशीनवर ती चालू असते. उलटंही होतं: जुन्या मशीनवर ती चालू होती, वर्षानुवर्षांचा डेटा व्हर्च्युअलस्टोअरमध्येच साठला होता, आणि मशीन बदलताना कुणीतरी प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर तेवढं उचलून आणलं. त्यात सॉफ्टवेअर बसवलेल्या दिवसाची रिकामी फाइल होती. जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट झालेली नसेल तर हा डेटा बहुतेक वेळा सापडतो. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, नवं मशीन आलं त्याच दिवशी जुनं फॉरमॅट करू देऊ नका, बदल्यात कितीही चांगला भाव मिळत असला तरी.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद करायचं. मग दोन्ही जागांची फोल्डरं, आणि जितके लॉगिन तितकी व्हर्च्युअलस्टोअरची फोल्डरं, वेगवेगळ्या नावांनी बाहेर कॉपी करून ठेवायची. अजून काहीच पुसायचं नाही. आता डेटा फाइलची ‘डेट मॉडिफाइड’ आणि साइज बघा. बहुतेक वेळा एक प्रत ताजी आणि मोठी असते, दुसरी बऱ्याच दिवसांपूर्वी थांबलेली असते. ताजी ती खरी.

दोन्हींत नव्या एन्ट्र्या असतील तर मात्र एक फाइल दुसरीवर टाकून चालणार नाही. एकीतल्या एन्ट्र्या कायमच्या जातील. कमी एन्ट्र्या असलेल्या प्रतीतून रोजमेळ छापून घ्यायचा आणि तो दुसरीत हाताने चढवायचा. कंटाळवाणं काम आहे, पण हिशेब शाबूत राहतो. बिल नंबर दोन्हींत तेच पडलेले असतील, तर आधी सीएंना विचारा. जीएसटीत गेलेली बिलं परस्पर बदलू नका.

यानंतर सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर न्या. डी ड्राइव्हवर ‘हिशेब’ नावाचं फोल्डर केलं तरी पुरे. ताजी डेटा फाइल त्यात ठेवा, नवा शॉर्टकट बनवा, जुने शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढून टाका, आणि व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फोल्डरचं नाव बदला. हे नाव बदलणं विसरलं जातं. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम फाइल्सचा रस्ता पक्का लिहिलेला असतो. ती हलवली की उघडत नाहीत. तिथे फोल्डर जागेवरच ठेवून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि युजर्स या गटाला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्यायची. परवानगी असली की विंडोज प्रत बनवत नाही. पण आधी बनलेली प्रत व्हर्च्युअलस्टोअरमध्ये तशीच राहिली तर वाचली तीच जाईल, म्हणून इथेही तिचं नाव बदलावंच लागतं.

खात्री करायची असेल तर सॉफ्टवेअर चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ हा रकाना आणा. त्यात ‘एनेबल्ड’ दिसलं तर ही सोय त्या सॉफ्टवेअरला लागू आहे. एक चाचणीची एन्ट्री टाका आणि तुमच्या फोल्डरमधल्या फाइलची वेळ बदलली का बघा. बदलली तर काम झालं.

‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हा रामबाण म्हणून सगळीकडे सांगितला जातो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला तो कायमचा लावू नका. वरचा घोळ तर होतोच, शिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तुम्ही जोडलेला नेटवर्कचा झेड ड्राइव्ह सहसा दिसत नाही. मग ‘पाथ नॉट फाउंड’ येतं आणि माणूस नेटवर्कची वायर तपासत बसतो.

डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवत असाल तर तोही हलवा. नवं विंडोज सेट करताना ही दोन्ही फोल्डरं वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये, जाऊ शकतात. चालू असलेली एमडीबी किंवा डीबीएफ फाइल क्लाउडशी सिंक होत राहणं धोक्याचं आहे. बॅकअपची झिप तिथे जरूर ठेवा, चालता डेटा नको.

महिन्याच्या एक ते बारा तारखेपर्यंतची माया

हा बिघाड दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला आपोआप ‘बरा’ होतो, म्हणून तो शोधायला फार वेळ लागतो.

दिवाणजी ७ नोव्हेंबरची कापूस खरेदी ०७/११ अशी टाकतात. नव्या मशीनवर तारखेची पद्धत अमेरिकेची राहिली असेल तर विंडोज आधी महिना वाचतं. एन्ट्री ११ जुलैला जाते. नोव्हेंबरच्या खरेदी रिपोर्टात ती नसते, जुलैच्या रिपोर्टात असते. आणि जुलैत कुठली जिनिंग कापूस घेते? १३ तारीख उजाडली की तेरावा महिना नसल्यामुळे व्हिज्युअल बेसिकमध्ये बनवलेली जुनी सॉफ्टवेअर आकडे उलटे करून घेतात आणि तारीख बरोबर लागते. लोक म्हणतात, झालं नीट. डिसेंबरच्या एक तारखेला पुन्हा तेच. काही सॉफ्टवेअर उलटं करत नाहीत. ती १३ पासून ‘टाइप मिसमॅच’ म्हणून अडतात. ती अडतात ते चांगलं, निदान कळतं.

कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडा. फॉरमॅट इंग्लिश, इंडिया ठेवा. मग अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, डेट, आणि शॉर्ट डेट आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष अशी करा. मध्ये आडवी रेघ की तिरपी, हे जुन्या मशीनवर बघून तसंच्या तसं ठेवा. काही सॉफ्टवेअर तिसरं आणि सहावं अक्षर मोजून तारीख तोडतात आणि तिरपीच रेघ मागतात. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधल्या ‘कॉपी सेटिंग्ज’ने हीच सेटिंग नव्या युजरसाठीही लागू करा. हे राहिलं तर उद्या नव्या मुलासाठी लॉगिन बनवलं की त्याच्या लॉगिनमध्ये पुन्हा अमेरिका.

चुकून भलत्या महिन्यात गेलेल्या एन्ट्र्या शोधायची युक्ती: एन्ट्रीचा क्रमांक आणि तारीख शेजारी शेजारी छापा. क्रमांक सरळ चढत जातो आणि तारीख मध्येच उडी मारते, तिथे खूण करा.

वजनकाटा: काल चालला, आज कॉम पोर्ट नाही

जिनिंग, दालमिल, केळीचे वजनकाटे, सगळीकडे काट्याच्या डिस्प्लेतून जुनी सिरियल केबल निघते. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो, म्हणून यूएसबी टू सिरियल केबल लावतात. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत पीएल२३०३ जातीच्या चिपची जुनी आवृत्ती किंवा तिची नक्कल असते. विंडोज ११ तिला नवा ड्रायव्हर देतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असा मजकूर दिसतो. म्हणजे चिप बनवणाऱ्यानेच त्या आवृत्तीचा पाठिंबा काढून घेतलाय.

‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘लेट मी पिक’मधून जुनी आवृत्ती निवडली की काटा चालू होतो. आठवडा-पंधरवड्याने विंडोज अपडेट पुन्हा नवा ड्रायव्हर चढवतं आणि काटा बंद. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना हे करत बसू नका. एफटीडीआय चिपची चांगली केबल घ्या. हा खर्च एकदाच होतो आणि प्रश्न मिटतो.

केबल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, हे दुसरं कारण. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा कॉम १ ते कॉम ४ एवढेच पर्याय असतात आणि विंडोज कॉम ७ देऊन बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड इथे नंबर बदलता येतो. नंबर ‘इन यूज’ दाखवला तरी तो जुन्या, काढून टाकलेल्या केबलचा असू शकतो. शेवटी त्या खाचेवर रंगाचा ठिपका द्या आणि सगळ्यांना सांगा की केबल इथेच लावायची.

रिस्टार्ट केलं की चालतं, सकाळी पुन्हा बंद

डोंगल (सॉफ्टवेअरची चावी म्हणून कॉम्प्युटरला लावायचा तुकडा), डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, काट्याची केबल, तिघांचीही ही तक्रार येते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शटडाउन पूर्ण होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर झोपवले जातात आणि सकाळी तसेच उठवले जातात. बिघडलेला ड्रायव्हर बिघडलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ही खूण काढा. सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, लागू द्या.

डोंगलचं आणखी एक आहे. नव्या मशीनवर ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ सहसा चालू असते आणि ती जुन्या डोंगलचे ड्रायव्हर लोड होऊ देत नाही. ‘ए ड्रायव्हर कॅनॉट लोड ऑन धिस डिव्हाइस’ असा संदेश दिसला तर हेच. लगेच ते संरक्षण बंद करू नका. आधी डोंगल बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून आजचा ड्रायव्हर घ्या. यूएसबी डोंगलांपैकी अनेकांचे नवे ड्रायव्हर मिळतात. प्रिंटर पोर्टला लागणारं जुनं डोंगल असेल तर यूएसबी कन्व्हर्टरने ते सहसा चालत नाही. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं छापणाऱ्यांकडे असं डोंगल अजून असतं. त्यांनी ते मशीन इंटरनेटपासून तोडून तसंच ठेवलेलं बरं.

मराठीच्या जागी चौकटी आणि चिन्हं

प्रेसवाले आणि शाळांचे क्लार्क, तुमच्यासाठी. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नाहीत. इंग्रजीच्याच अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत. रीजनच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये ‘चेंज सिस्टिम लोकेल’ उघडा. तिथे ‘बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८’ ही खूण असली तर काढा. युनिकोडची खूण लावली की मराठी सुधारेल असं वाटतं, पण या फॉन्टांच्या बाबतीत ती उलटी पडते. लोकेल इंग्लिश ठेवा.

फॉन्ट बसवलाय, वर्डमध्ये दिसतो, पण जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत नाही? विंडोज १० च्या मधल्या आवृत्त्यांपासून डबल क्लिक करून बसवलेला फॉन्ट फक्त त्या युजरपुरता बसतो आणि जुन्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. फॉन्ट फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा.

मंगलमधली जुनी पत्रं नव्या मशीनवर हलली असतील, तर मंगल तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्या. आणि पेजमेकरच्या फाइली ज्यांच्याकडे कपाटभर आहेत त्यांनी ध्यानात ठेवावं: इनडिझाइनची सीएस६ ही पेजमेकरच्या फाइली थेट उघडणारी शेवटची आवृत्ती. तिच्यानंतरच्या इनडिझाइनमध्ये त्या उघडत नाहीत.

उघडतच नाही

काळ्या स्क्रीनचं, डॉसमधलं फॉक्सप्रो किंवा क्लिपरचं सॉफ्टवेअर असेल तर इलाज वेगळा आहे. ते १६ बिटच्या काळातलं. ३२ बिट विंडोज ७ आणि ३२ बिट विंडोज १० मध्ये त्याच्यासाठी वेगळा भाग होता. ६४ बिटमध्ये तो नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कम्पॅटिबिलिटी मोडच्या कितीही खुणा लावा, ते उघडणार नाही. यातून आणखी एक गोष्ट निघते. तुमचं आजचं विंडोज ३२ बिट असेल, तर ११ वर जाणं हे अपग्रेड नसतंच. सगळं पुसून नवं बसवावं लागतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ते आधी बघा.

अशा सॉफ्टवेअरसाठी मी व्हर्च्युअल मशीनच सुचवेन, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणारा जुना कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळतं. विंडोज ११ प्रोमध्ये हायपर-व्ही आतच आहे, होममध्ये नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं डिस्कटूव्हीएचडी जुन्या चालू मशीनची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये काढून देतं. ती प्रत नव्या मशीनच्या आत चालवायची, इंटरनेट बंद ठेवून. जुन्या विंडोजचं लायसन्स त्या मशीनलाच बांधलेलं असू शकतं, तेवढं तपासा. डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स सगळे सुचवतात, पण ते खेळांसाठी बनलेलं आहे. मूळ डॉसबॉक्समध्ये प्रिंटिंगची सोय नाही, आणि दोन कॉम्प्युटरवरून एकच डेटा उघडायचा असेल तर त्याच्या वाट्याला जाऊ नका.

सॉफ्टवेअर ३२ बिटचंच आहे, पण सेटअप चालत नाही, असंही होतं. त्या काळातल्या बऱ्याच सेटअप फाइली १६ बिटच्या होत्या. जुन्या मशीनवरून बसवलेलं फोल्डर उचलून आणा आणि ज्या ओसीएक्स किंवा डीएलएल या जोडफाइलचं नाव एररमध्ये येतं, ती सिसवाव६४ फोल्डरमध्ये ठेवून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून रजिस्टर करा. नावावरून फसू नका: ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ मध्ये असतात आणि ६४ बिटच्या सिस्टिम३२ मध्ये. सॉफ्टवेअरला डेटाशी जोडणाऱ्या ओडीबीसीचंही तसंच; जुन्या सॉफ्टवेअरचं कनेक्शन सिसवाव६४ मधल्या ओडीबीसी पॅनलमध्ये बनवावं लागतं, नाहीतर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ येत राहतं.

‘डॉट नेट ३.५’ मागत असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये त्याची खूण करा. अनोळखी साइटवरून उतरवू नका.

डेटा अजून एक्सपीच्या मशीनवर असेल आणि नव्यावरून तो दिसत नसेल, तर कारण एसएमबी १. फायली शेअर करायची ही जुनी पद्धत नव्या विंडोजमध्ये सुरुवातीपासून बंद असते आणि एक्सपीला दुसरी येत नाही. ती चालू करायचे व्हिडिओ भरपूर आहेत. करू नका, मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातली मशीनं याच दारातून लॉक केली. डेटा नव्या मशीनवर हलवा, तिथे पासवर्ड असलेलं लॉगिन करा आणि तिथून शेअर करा.

बिल पीडीएफला जातं

सेटिंग्जमध्ये प्रिंटर्सखाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ती चालू असताना तुम्ही शेवटी वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट बनतो. काल रात्री कुणी स्टेटमेंटची पीडीएफ काढली असेल, तर सकाळचं पहिलं बिल तिकडेच जाणार.

वेळ किती आहे

ज्यांनी अजून बदललेलं नाही त्यांनी घाबरून हंगामात हात घालू नये. घरगुती वापराच्या विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. तेवढ्या काळात, कामाचा ताण कमी असलेला आठवडा बघून, सवडीने करा. पीसी हेल्थ चेकने मशीन पात्र आहे का ते कळतं. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या मशीनवर पळवाटा काढून ११ चढवून देणारे आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर ते नको.

आहे त्यावरच अपग्रेड केलं तर मागे फिरायला विंडोजकडून दहा दिवसांची मुदत मिळते. त्या १० दिवसांत नुसतं सॉफ्टवेअर उघडून बघू नका. एक खरेदी, एक विक्री, एक पावती, एक परतावा, १२ च्या आधीची एक आणि नंतरची एक तारीख, काट्याचं वजन, रुंद कागदावरचा लेजर आणि बॅकअप परत चढवणं, एवढं सगळं दुसऱ्या लॉगिनमधूनही करून बघा.

यातलं काही लागू पडलं नाही आणि मदत मागायची असेल तर एररचा फोटो पूर्ण काढा, खालच्या बारीक अक्षरांसकट. जुनं विंडोज कोणतं आणि किती बिटचं होतं, नवं कोणत्या आवृत्तीचं आहे, डेटा फाइलच्या नावात टिंबानंतरची अक्षरं कोणती (डीबीएफ, एमडीबी वगैरे), ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, आणि बिघाड सकाळी, रिस्टार्टनंतर की ठराविक तारखांना होतो, एवढं लिहा. जुनी हार्ड डिस्क आहे की गेली, हेही आधीच सांगा.